एफ४० आणि सील: शून्य ते शंभर हा आकडा नेमके काय मोजतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बीवायडी सीलची सर्वांत ताकदवान, चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती घेतली आहे आणि कंपनीच्या कागदावर ती ताशी ० ते १०० किमी हा वेग ३.८ सेकंदांत गाठते. लहानपणी ज्या फेरारी एफ४०चे चित्र तुम्ही भिंतीवर लावले होते, तिचा कंपनीने दिलेला आकडा ४.१ सेकंद आहे. तुमचे थोरले बंधू म्हणतात की हे दोन आकडे शेजारी ठेवणेच चुकीचे आहे. तुमचे म्हणणे असे की घड्याळ कोणाची भीड ठेवत नाही. तेव्हा घरच्या माणसांना घेऊन फिरणारी ही इलेक्ट्रिक सेडान एफ४०पेक्षा वेगवान म्हणायची का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली चोवीस वर्षे मी गाड्यांच्या कामगिरीच्या चाचण्या करत आहे. सुरुवात पुण्याजवळ झाली, मधली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये गेली आणि आता मी पुन्हा पुण्यात आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे घड्याळही खरे आहे आणि बंधूंची शंकाही खरी आहे. अडचण त्या आकड्यात आहे. ‘शून्य ते शंभर’ या एका संख्येत दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण एकत्र केलेले असतात. गाडी जागेवरून किती चांगली सुटते, ही पहिली परीक्षा, आणि सुटल्यानंतर तिचे इंजिन तिला किती जोराने ओढत नेते, ही दुसरी. जुन्या आणि नव्या गाड्यांत जी प्रचंड तफावत कागदावर दिसते, तिचा मोठा हिस्सा पहिल्या परीक्षेतला असतो. दुसऱ्या परीक्षेत चित्र पुष्कळ बदलते, आणि कधीकधी तर उलटेही होते.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. कोणती गाडी, कोणते टायर, कोणता रस्ता, किती तापमान, चालवणारा कोण आणि मोजणारा कोण, यांवर यातले प्रत्येक विधान अवलंबून आहे. म्हणून ‘जुन्या गाड्या’ आणि ‘नव्या गाड्या’ अशा दोन गटांबद्दल सरसकट निकाल देणे मला जमणार नाही. कारणे मात्र सांगता येतील, आणि ती एकदा कळली की कोणत्याही दोन गाड्यांची तुलना तुमची तुम्हाला करता येईल.

पहिल्या परीक्षेत खरा मालक टायर आहे. इंजिनाने कितीही जोर लावला तरी तो जोर अखेर रस्त्यावर उतरतो तो टायरच्या तळहाताएवढ्या ठशातून. फक्त मागच्या चाकांना जोर देणारी, इंजिन मध्यभागी असलेली एखादी गाडी घ्या. तिचे ६० टक्के वजन मागे आहे आणि गुरुत्वमध्याची उंची तिच्या दोन आसांमधील अंतराच्या पाचव्या हिस्स्याइतकी आहे, असे धरा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रस्त्यावरच्या टायरचा घर्षणगुणांक, म्हणजे रस्त्याला धरण्याच्या पकडीचे माप, मी ०.९ धरतो. वेग घेताना वजन मागे सरकते आणि त्याचा मागच्या टायरांना फायदा होतो. तो धरूनसुद्धा अशा गाडीचे जास्तीत जास्त त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६६ पट येते. या त्वरणाने १०० किमीचा वेग गाठायला ४.३ सेकंद लागतात. तुम्ही तिथे ३०० अश्वशक्तीचे इंजिन बसवा किंवा ९०० अश्वशक्तीचे, तो टायर तुम्हाला त्याहून लवकर पोहोचू देणार नाही. जास्तीची ताकद चाके जागच्या जागी फिरवण्यात आणि धूर काढण्यात जाईल. आता एफ४०चा ४.१ हा आकडा पुन्हा वाचा. मागे ३३५ मिलिमीटर रुंदीचे टायर असल्यामुळे तिला पकड थोडी जास्त मिळाली, पण मर्यादा हीच होती.

याच गणितात चारही चाकांना जोर द्या आणि आजच्या चांगल्या टायरचा घर्षणगुणांक १.१ धरा. आता गाडीचे सगळे वजन कामाला येते, त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १.१ पट होते आणि वेळ २.६ सेकंदांच्या आसपास येतो. म्हणजे ४.३ वरून २.६ वर येताना आपण इंजिनाला हातसुद्धा लावलेला नाही.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही, याचा पुरावा एफ४०च्याच काळात सापडतो. १९८६ साली पॉर्शने ९५९ आणली. तिची ताकद ४५० अश्वशक्ती आणि वजन सुमारे १,४५० किलो. फेरारीची ताकद ४७८ अश्वशक्ती आणि कंपनीने सांगितलेले कोरडे वजन १,१०० किलो. इंधन, तेल, पाणी भरल्यावर त्यात दीड-दोनशे किलो वाढतात असे धरले तरी ती पॉर्शपेक्षा बरीच हलकी होती. तरीही शंभरचा वेग ९५९ने ३.७ सेकंदांत गाठला आणि एफ४०ने ४.१ सेकंदांत, कारण ९५९चे चारही टायर ओढत होते आणि तिचे दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे पंखे, एकामागून एक कामाला लागत असल्याने जोर लवकर मिळत होता. सर्वोच्च वेगात मात्र फेरारी ताशी ३२४ किमी आणि पॉर्श ३१७ किमी. दोन्ही गाड्या एकाच पिढीच्या आहेत. त्यामुळे तुमच्या सीलने फेरारीला जिथे गाठले आहे, तिथे ऐंशीच्या दशकातल्याच दुसऱ्या एका गाडीनेही तिला मागे टाकले होते, हे बंधूंना जरूर सांगा.

आता तुमच्या गाडीकडे येतो, कारण तिच्यासाठी एक फार बोलकी जोडी माझ्याकडे आहे. सीलच्या या आवृत्तीची ताकद ५३० अश्वशक्ती आणि वजन २,१८५ किलो, म्हणजे दर टनामागे सुमारे २४३ अश्वशक्ती. १९७५ची पहिली पॉर्श ९११ टर्बो २६० अश्वशक्तीची आणि ११४० किलोची होती, म्हणजे दर टनामागे सुमारे २२८. वजनाच्या मानाने या दोघींची ताकद जवळजवळ सारखी आहे. तरीही पॉर्शचा कंपनीने दिलेला वेळ ५.५ सेकंद आणि सीलचा ३.८. हा पावणेदोन सेकंदांचा फरक आला कुठून?

मी अशा वेळी एक साधा हिशेब करतो. चालकाचे ८० किलो धरून, शंभरच्या वेगाला गाडीत साठलेली गतिज ऊर्जा काढायची आणि तिला लागलेल्या वेळाने भागायचे. म्हणजे त्या धावेत सरासरी किती ताकद प्रत्यक्ष वापरली गेली ते कळते. हवेचा रोध आणि फिरत्या भागांचे जडत्व सोडून दिले तर ९११ टर्बोची सरासरी ११६ अश्वशक्ती येते, म्हणजे तिच्या २६०च्या सुमारे ४५ टक्के. सीलची ३१३ येते, म्हणजे ५३०च्या सुमारे ५९ टक्के. जुन्या गाडीची अर्ध्याहून जास्त ताकद पहिल्या शंभरात वापरलीच गेली नाही: काही टर्बो भरण्याची वाट पाहण्यात, काही टायर घसरण्यात आणि काही गिअर बदलताना क्लच दाबलेला असण्यात गेली. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, देते, गिअर बदलायचे नसतात आणि घसरणारे चाक तिची प्रणाली सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सावरते. तुमच्या गाडीने जिंकलेला पावणेदोन सेकंदांचा फरक ताकदीतला कमी आणि ताकद वाया न घालवण्यातला जास्त आहे. मला हे नव्या अभियांत्रिकीचे खरे यश वाटते आणि जुन्या गाड्यांवर कितीही प्रेम असले तरी ते मनापासून मान्य करायला हवे.

वाया जाणे म्हणजे काय, ते प्रत्यक्ष दाखवतो. इंग्लंडमध्ये असताना एका संग्राहकाची ऐंशीच्या दशकातली ३.३ लिटरची ९११ टर्बो आम्ही एका बंद धावपट्टीवर मोजली होती. पहिल्या धावेला मी इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर क्लच सोडला. टायर पकडून राहिले, पण इंजिनाच्या फेऱ्या खाली पडल्या, टर्बोचा दाब गेला आणि गाडी क्षणभर झोपल्यासारखी सरकत राहिली. मग दाबमापकाचा काटा उठला आणि पाठीत धक्का बसला. दुसऱ्या धावेला ५,००० फेऱ्यांवर सोडला, तर मागची चाके फिरतच राहिली, शेपूट डावीकडे निघाली आणि मला पाय उचलावा लागला. तिसऱ्या धावेला ४,०००च्या थोड्या वर, क्लच अर्धा सेकंद घासत सोडला आणि ती धाव जमली. पहिल्या आणि तिसऱ्या धावेत सव्वा सेकंदाचा फरक होता. चौथी धाव घेतली नाही, कारण क्लच जळाल्याचा वास गाडीत भरला होता आणि गाडी दुसऱ्याची होती. आता विचार करा की यातला कोणता आकडा ‘त्या गाडीचा’ म्हणायचा? जुन्या मासिकांत छापलेले आकडे बहुधा तिसऱ्या धावेसारखे आहेत. मालकाने आयुष्यात एकदाही तशी धाव घेतली नसेल.

२०२०च्या ९११ टर्बो एसवर हेच काम असे होते: डावा पाय ब्रेकवर, उजवा पाय तळापर्यंत, इंजिन स्वतःच फेऱ्या धरून ठेवते, ब्रेक सोडला की गाडी सुटते. आठ गिअरची दुहेरी क्लचची पेटी गिअर बदलताना जोर तुटू देत नाही. कामाला नव्याने लागलेल्या मुलाने सलग दहा धावा घेतल्या तरी त्या एकमेकींपासून सेकंदाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जात नाहीत.

दुसऱ्या परीक्षेसाठी मॅक्लरेन एफ१ आणि ही ९११ टर्बो एस ही जोडी मला सर्वांत उपयोगी वाटते. मॅक्लरेनमध्ये बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन, ६२७ अश्वशक्ती, वजन ११४० किलोच्या आसपास, सहा गिअरची हाताने बदलायची पेटी, आणि टायर घसरला तर सावरणारी कोणतीही प्रणाली नाही. १९९४ साली ब्रिटनच्या ऑटोकार मासिकाने तिची पूर्ण चाचणी केली. ताशी ६० मैलांचा वेग तिने ३.२ सेकंदांत गाठला. या ३.२ला भागाकार करून पाहा: सरासरी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८५ पट येते. वरच्या गणितात मागच्या चाकांच्या गाडीला १.१ घर्षणगुणांक दिला तर मर्यादाही ०.८५च येते. म्हणजे ६० मैलांपर्यंत त्या महान इंजिनाची परीक्षा झालीच नव्हती. तिथवर फक्त टायरची परीक्षा झाली आणि इंजिन थांबून राहिले होते.

पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेत मॅक्लरेनला ११.१ सेकंद लागले आणि ती रेषा ओलांडताना तिचा वेग ताशी १३८ मैल, म्हणजे २२२ किमी होता. २०२० साली आलेली ९११ टर्बो एस ६५० अश्वशक्तीची आणि १,६४० किलोची आहे. अमेरिकी मासिकांच्या चाचण्यांत तिने हेच अंतर दहा सेकंदांच्या जरा वर कापले आणि शेवटचा वेग ताशी २२०च्या आसपास राहिला. वेळेत जवळजवळ एक सेकंदाचा फरक आणि शेवटच्या वेगात काहीच फरक नाही. ड्रॅग शर्यतीतली, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत धावण्याच्या शर्यतीतली, जुनी माणसे वेळेपेक्षा शेवटच्या वेगाकडे आधी का पाहतात, ते इथे कळते. सुटताना गमावलेला सेकंद वेळेतून कधीच भरून निघत नाही, पण शेवटच्या वेगावर त्याचा परिणाम थोडाच होतो; तो वेग ठरतो मुख्यतः ताकद आणि वजन यांवरून.

हे वेगळ्या तऱ्हेनेही पाहता येते. पॉर्शचा कंपनीचा ० ते १०० किमीचा वेळ २.७ सेकंद आणि ० ते २०० किमीचा ८.९. वजाबाकी केली की १०० ते २०० किमीसाठी ६.२ सेकंद उरतात. मॅक्लरेनला २०० किमीपर्यंत साडेनऊ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. तिच्या पहिल्या शंभरासाठी साडेतीन सेकंदांच्या जरा आतला वेळ धरला तर तिच्याही वाट्याला सुमारे सहाच सेकंद उरतात, आणि तेही मध्ये हाताने गिअर बदलून. दोन गाड्यांमध्ये सव्वीस वर्षांचे अंतर असूनही एकदा चाके नीट लागली की दोघी बरोबरीने पळतात.

इथे जुन्या गाडीची बाजू घेण्याच्या भरात एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मॅक्लरेनची दर टनामागची ताकद सुमारे ५५० अश्वशक्ती आहे आणि पॉर्शची सुमारे ३९६. नुसत्या ताकद-वजनाच्या हिशेबाने मॅक्लरेन चालत्या वेगातही बरीच पुढे राहायला हवी होती. ती तशी राहिली नाही, कारण नव्या गिअरपेटीत जोर तुटत नाही आणि नवे टर्बो इंजिन खालच्या फेऱ्यांपासून जवळजवळ पूर्ण टॉर्क देते. शिवाय १९७५च्या ९११ टर्बोचा विचार केला तर तिच्या आणि २०२०च्या टर्बो एसच्या ताकदीतच मोठे अंतर आहे, तिथे ५.५ आणि २.७ मधला फरक केवळ टायरच्या नावावर टाकता येणार नाही.

आता तुमच्या मूळ जोडीवर हीच नजर टाकू. ताशी १५० किमीच्या वेगाला टायरची पकड हा प्रश्न उरत नाही. उरतात ताकद, वजन आणि हवा. चालक आणि द्रव पदार्थ धरून एफ४० सुमारे १,३५० किलो आणि सील सुमारे २,२६५ किलो. चाकांपर्यंत पोहोचणारी ताकद आणि हवेचा रोध मोटामोटी धरून मी हिशेब केला तर त्या वेगाला एफ४०चे त्वरण सीलच्या सुमारे १.४ पट येते. हवेच्या रोधात सील खूपच सरस आहे: तिचा रोधगुणांक ०.२१९ आणि एफ४०चा ०.३४. पण नऊशे किलोंच्या जास्तीच्या वजनापुढे तो फायदा पुरत नाही. त्यातच सीलचा वेग ताशी १८० किमीवर कंपनीनेच रोखलेला आहे आणि एफ४०ला तिथून पुढे आणखी १४४ किमी मोकळे आहेत. अट इतकीच, की एफ४० योग्य गिअरमध्ये असली पाहिजे. चार हजार फेऱ्यांच्या खाली तिचे टर्बो जवळजवळ निजलेले असतात आणि त्या क्षणी तुमची सील तिला सहज मागे टाकील.

आकडे कोणी आणि कसे मोजले, हाही प्रश्न तुमच्या वादात आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक भांडणे इथेच होतात. अमेरिकी मासिके आणि काही कंपन्या पहिले एक फूट, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर, गाडी सरकल्यानंतर घड्याळ सुरू करतात; ड्रॅग शर्यतीच्या प्रकाशकिरणांची ती जुनी पद्धत आहे. गुरुत्वत्वरणाइतक्या जोराने सुटणाऱ्या गाडीला तेवढे अंतर जायला पाव सेकंद लागतो आणि घड्याळ सुरू होते तेव्हा तिचा वेग आधीच ताशी नऊ किमीच्या जवळ असतो. टेस्लाच्या मॉडेल एस प्लॅडचा प्रसिद्ध १.९९ सेकंदांचा आकडा असा पहिला फूट वगळून दिलेला आहे. दुसरे असे की अमेरिका आणि ब्रिटनचे ६० मैल म्हणजे ९६.६ किमी. उरलेल्या साडेतीन किमीला एरवी सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो, पण जुन्या गाडीला नेमका तिथेच तिसरा गिअर टाकावा लागला तर अर्धा सेकंदसुद्धा जातो. म्हणून पहिला फूट वगळलेला ६० मैलांचा आकडा आणि युरोपातला खरा ० ते १०० हे एका तक्त्यात बसवू नयेत.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे अजून पाचवे चाक होते. सायकलच्या चाकासारखे ते चाक गाडीच्या मागे शिकंज्याने बांधायचे, त्याच्या फेऱ्या मोजून वेग काढायचा. खडबडीत रस्त्यावर ते उड्या मारायचे आणि आलेख करवतीच्या दातांसारखा निघायचा. सकाळी आधी मोजपट्टीने अंतर आखून त्या चाकाची दुरुस्ती करून घेतल्याशिवाय दिवसाचे काम सुरू होत नसे. आज उपग्रहावरून मोजणारी तळहाताएवढी पेटी काचेला चिकटवली की झाले. जुन्या काळचे चांगले परीक्षक तरीही अत्यंत काटेकोर होते, दोन्ही दिशांना धावून सरासरी काढत असत. त्यांच्या आकड्यांवर मी आजही विश्वास ठेवतो.

विश्वास नसावा तो कंपन्यांच्या जुन्या दाव्यांवर. १९६१ साली जिनिव्हात जॅग्वार ई-टाइप प्रकट झाली तेव्हा ताशी १५० मैल हा तिचा आकडा जगभर गाजला. मासिकांना दिलेल्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या. ग्राहकांच्या हाती आलेल्या गाड्यांना तो वेग सहसा गाठता आला नाही. अश्वशक्तीचेही तसेच आहे. अमेरिकेत १९७१पर्यंत अल्टरनेटर, एक्झॉस्ट वगैरे न जोडता, उघड्या इंजिनाची ताकद सांगण्याची पद्धत होती. शेव्हरोले कॉर्व्हेटचे एलटी-१ इंजिन १९७०मध्ये ३७० अश्वशक्तीचे होते, १९७१मध्ये कॉम्प्रेशन कमी केल्यावर ३३०चे झाले आणि १९७२मध्ये केवळ मोजण्याची रीत बदलल्याने कागदावर २५५वर आले. जपानमध्ये १९८९ ते २००४ उलटा प्रकार होता: कंपन्यांनी आपापसांत २८० अश्वशक्तीची मर्यादा पाळली आणि निस्सानच्या आर३४ स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाड्यांची खरी ताकद त्याहून बरीच जास्त असूनही पुस्तिकेत २८०च छापले. आज पॉर्शसारखी कंपनी वेळ जाणूनबुजून जपून सांगते. स्वतंत्र चाचण्यांत तिच्या गाड्या अनेकदा दाव्याहून जलद निघतात.

आणखी एक मुद्दा आजच्या प्रत्यक्ष गाडीचा. इंग्लंडमधल्या त्याच संग्राहकाकडे एक पहिल्या पिढीची बीएमडब्ल्यू एम३ होती आणि ती ‘म्हातारी झाली’ अशी त्यांची खंत होती. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूच्या भिंतीवर लंबगोलात ‘०८०३’ हे चार आकडे होते: २००३ सालचा आठवा आठवडा. आम्ही पाहिले तेव्हा त्या टायरांना अकरा वर्षे झाली होती आणि रबर नखाने दाबले तर खूणही उमटत नव्हती. टायर बदलल्यावर इंजिनाला हात न लावता गाडी पुन्हा पूर्वीसारखी सुटू लागली. जुनी गाडी आजच्या टायरवर मोजली तर ती तिच्या काळच्या आकड्यालाही मागे टाकू शकते, हे त्यातूनच निघते.

आपल्याकडे हवेचाही हिशेब धरावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. पंधरा अंशांच्या इंग्लंडमधल्या सकाळशी तुलना केली तर पस्तीस अंशांच्या पुण्यातल्या दुपारी हवेची घनता सुमारे बारा टक्क्यांनी कमी भरते. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते, टर्बोवाली गाडी त्यातले बरेच भरून काढते आणि तुमच्या सीलला हवा लागतच नाही. तिची अट वेगळी आहे: बॅटरी भरलेली आणि योग्य तापमानाची असली तरच तिची पूर्ण ताकद मिळते. तीस टक्क्यांवर घेतलेली धाव आणि नव्वद टक्क्यांवर घेतलेली धाव सारखी येणार नाही, आणि लागोपाठ धावा घेतल्या तर प्रणाली स्वतःच ताकद उतरवते.

तर तुमच्या घरच्या वादापुरते उत्तर असे. जागेवरून शंभरपर्यंत सील एफ४०च्या बरोबरीची किंवा किंचित पुढची आहे, आणि तिची कामगिरी तुम्ही रोज, कोणत्याही कौशल्याशिवाय पुन्हा करू शकता. एफ४०ची तशी धाव निष्णात हातांनाच जमते. साधारण सव्वाशेच्या पुढे, टर्बो भरलेले असताना, एफ४० निघून जाईल आणि १८०नंतर तुलनाच संपेल. बंधूंना पटवायचे असेल तर ० ते १००चा आकडा बाजूला ठेवा, एकाच मासिकाने एकाच पद्धतीने घेतलेले १०० ते २०० किमीचे वेळ किंवा पाव मैलाच्या शेवटचे वेग शोधा. सील २००पर्यंत जात नसल्याने तिच्यासाठी ८० ते १६० किमी हा टप्पा वापरावा लागेल.

स्वतः मोजायची इच्छा झाली तर द्रुतगती मार्गावर कृपा करून मोजू नका. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पूर्वी अशा शर्यती झालेल्या आहेत. तसे एखादे बंद ठिकाण आणि वैद्यकीय मदत असलेले आयोजन मिळेल तेव्हाच मोजा. उपग्रहावरून मोजणारी पेटी वापरा, पहिला फूट वगळण्याची सोय तिच्यात चालू आहे की बंद ते आधी पाहून घ्या, दोन्ही दिशांना धावून सरासरी काढा आणि प्रत्येक धावेसमोर बॅटरीचे टक्के, हवेचे तापमान आणि टायरचा दाब लिहून ठेवा. ते आकडे इथे टाकलेत तर ८० ते १६० किमीच्या टप्प्याचा एफ४०शी हिशेब मी तुम्हाला मांडून देईन.